टाकीतील अघमर्षण

वाचकहो, देवाचे नाव पुढे करून तुम्ही कधी स्वतःची हौस भागवली आहे काय? उत्तर मोठ्याने देण्याची आवश्यकता नाही. सुरतेच्या अडाजण भागात, श्रीनिकेतन सोसायटीच्या दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या सुधाकर टेंभेकरला हा प्रश्न कोणी वेळेवर विचारला असता, तर पुढील प्रकार घडला नसता आणि तो लिहिण्याचे कष्ट मलाही पडले नसते.

सुधाकर एका बँकेत अधिकारी होता. वय सत्तेचाळीस, पगार बेताचा, भक्ती बेताहून थोडी कमी. सकाळी तो देव्हाऱ्यापुढे उभा राही, परंतु नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे असे.

एकोणीसशे शहाण्णव सालच्या कार्तिकात एका बुधवारी ठाकोरभाई बँकेत आले. हे जरीचे व्यापारी, बँकेचे जुने खातेदार आणि सुधाकरचे मित्र. त्यांनी टेबलावर प्रवासी कंपनीचे एक गुळगुळीत चोपडे ठेवले. मुखपृष्ठावर निळे पाणी, पाण्यात पिवळे मासे, आणि माशांच्या मधोमध डोळ्यांना काच लावलेला, पाठीवर हवेचे नळकांडे बांधलेला एक सुखी मनुष्य.

“लक्षद्वीप,” ठाकोरभाई म्हणाले. “फेब्रुवारीमां जवानुं छे, सुधाकरभाई. चाळीस फूट नीचे.”

“मला पोहता येत नाही.”

“जरूर नथी. अंदर लख्युं छे.”

रोखपाल योगेंद्र, मूळचा अमळनेरचा, खुर्ची ओढत जवळ आला. “साहेब, मासे अगदी अंगाजवळून जातात. हात लावता येतो.”

“कशावरून?”

“फोटोत दिसतंय ना.”

तेवीस वर्षे सुधाकरने काउंटरच्या काचेपलीकडून लोकांचे त्रासलेले चेहरे पाहिले होते. आता काचेपलीकडे मासे दिसावेत, ही इच्छा मला पापी वाटत नाही. समुद्र देवानेच निर्माण केला आहे. पाप पुढे आहे.

अडचण घरी होती. लग्नानंतर पहिल्याच वर्षी सुधाकरने पत्नीला, अलकाला, रामेश्वराचे वचन दिले होते. बँकेची प्रवासाची सवलत चार वर्षांनी एकदा मिळे, आणि दर चार वर्षांनी रामेश्वराच्या आड काहीतरी येई. एकदा माथेरान आले, एकदा मेहुण्याचे लग्न आले, एकदा चक्क काश्मीर आले. तरीही त्या संध्याकाळी तो खरे सांगण्याचा निश्चय करूनच पानावर बसला. (निश्चय करून बसणारी माणसे पुष्कळ. मी तो करून उठलेल्यांना मोजतो.)

“फेब्रुवारीत समुद्राकडे जायचे ठरते आहे,” तो म्हणाला.

अलकाचा चेहरा उजळला. “रामेश्वर?”

येथे ‘नाही’ म्हणायला एक क्षण पुरला असता. सुधाकर म्हणाला, “हो.”

अलका ताबडतोब कोणती लुगडी न्यायची ते सांगू लागली. तेव्हा आपण काय बोलून बसलो हे त्याच्या ध्यानात आले.

“पण मला एकट्याला जावे लागेल.”

“ते का?”

“आईचा नवस आहे. मुलाने एकट्याने जाऊन फेडायचा.”

अलकाचा वाढता हात थांबला. सासूची सेवा तिने अकरा वर्षे केली होती. “आई मला कधी बोलल्या नाहीत.”

“मला शेवटच्या दिवशी सांगितले.”

“शेवटचे आठ दिवस त्यांची वाचा गेली होती.”

“खुणेने सांगितले.”

“रामेश्वर? खुणेने?”

सुधाकरने हाताने लाटा करून दाखवल्या. मग दोन्ही तळवे जुळवून पिंडीसारखा काहीसा आकार केला. मग ‘एकट्याने’ ही अट म्हणून एक बोट वर केले.

“त्यांचा उजवा हातही गेला होता,” ती म्हणाली आणि तिने आमटी वाढली.

“डाव्याने सांगितले,” सुधाकर म्हणाला.

जेवण झाल्यावर त्याने ते चोपडे देव्हाऱ्याखालच्या पोथीच्या लाल फडक्यात लपवले. वडिलांची ही पोथी त्याने वीस वर्षांत उघडली नव्हती. जे आपण उघडत नाही ते घरात कोणीच उघडत नाही, अशी त्याची प्रामाणिक समजूत होती. त्या घरात त्या दिवशी प्रामाणिक अशी तेवढीच एक गोष्ट होती.

नवसाची वार्ता मोरीपर्यंत पोचली. मोरीत कलाबाई भांडी घासत होती. ही लिंबायतच्या कामगार वस्तीतली. तिचा नवरा दगा यंत्रमागावर कामाला. दुसऱ्या दिवशी तिने पदराखालून तांब्याचा एक लहान गडू काढला. त्याच्या तोंडाला डाग देऊन ते पक्के बंद केलेले होते.

“भाऊ, तुमी रामेश्वरले जाई राहिनात ना? हाई मनी सासूनी गंगा शे. काशीथीन आनेल. चौदा वरीस व्हयनात, रामेश्वरवर घालानी राही गई. तेवढी लई जा.”

काशीची गंगा रामेश्वरावर घातल्यावाचून यात्रा पुरी होत नाही, हे वाचकांना ठाऊक आहे. ती म्हातारी अर्ध्या यात्रेवर वारली होती. उरलेली अर्धी यात्रा चौदा वर्षे लिंबायतच्या दहा बाय दहाच्या खोलीत, मागांच्या खडखडाटात, फळीवर वाट पाहत होती. सुधाकरने गडू घेतला. नाकारण्यासाठी खरे बोलावे लागले असते.

बँकेत त्याने योगेंद्रपुढे पेच मांडला. योगेंद्रने क्षणभर विचार केला.

“साहेब, आपल्या समुद्रात ओतून टाका. अरबी काय नि बंगालचा काय, खालून जोडलेलेच आहेत.”

सुधाकरला हे पटले. तो चाळीस फूट खाली जाणार होता, म्हणजे जोडाच्या बराच जवळ.

तिसऱ्या मजल्यावरच्या मालतीबाई निवृत्त शिक्षिका होत्या. त्यांनी पन्नास मुलांचा वर्ग कधी आवाज न चढवता सांभाळला होता, आणि आता सोसायटीही तशीच सांभाळत. त्या नियमांची यादी घेऊन आल्या. नवसाच्या यात्रेकरूने चटईवर झोपावे, कांदा-लसूण वर्ज्य करावे, सोमवारी एकभुक्त राहावे.

“फेब्रुवारीपर्यंत?” सुधाकरने विचारले.

“आईंचा नवस आहे,” अलका शांतपणे म्हणाली आणि तिने गादी गुंडाळून माळ्यावर टाकली.

सुरतेत राहणाऱ्या माणसाला रविवारी सकाळी चणाडाळीचा वाफाळता लोचो आणि त्यावर बारीक चिरलेला कांदा न मिळणे म्हणजे काय, हे इतरत्र समजणार नाही. अलका नि मुलगी गौरी समोर बसून लोचो खात. सुधाकर राजगिऱ्याच्या लाह्या खाई आणि मनात मासे मोजी. सगळे सोसण्याचे बळ त्याला त्या निळ्या पाण्याने दिले. अशी एकाग्रता त्याने देवापाशी दाखवली असती, तर कोणता देव लांब राहिला असता, हे मला सांगता येत नाही.

पौषात ठाकोरभाईंच्या पुतण्याने परदेशातून पाण्यात लावायची काच आणि तोंडात धरायची वाकडी नळी पाठवली. “प्रॅक्टिस करो,” ठाकोरभाई म्हणाले. सुधाकरने प्रथम बादलीत डोके घातले. बादलीत बुडी मारणाऱ्याचा उरलेला देह फारच बाहेर राहतो. मग त्याची नजर गच्चीकडे गेली.

गच्चीवर सोसायटीची सिमेंटची टाकी होती. पाच फूट खोल, वर लोखंडी झाकण. हेच पाणी सोळा बिऱ्हाडे पीत. सुरतेत प्लेग येऊन गेल्याला दोन वर्षे झाली होती आणि स्वच्छतेबाबत सारे शहर इतके जागरूक झाले होते की, जिन्यात केळीची साल दिसली तरी बैठक बोलावली जाई. अशा काळात एका रविवारी दुपारी, सारी इमारत जेवून आडवी झाली असताना, सुधाकर टेंभेकर अर्ध्या चड्डीवर, काच लावून, नळी तोंडात धरून त्या पाण्यात उतरला.

पंधरा मिनिटे तो सुखात होता. टाकीच्या तळाशी एक गंजका नळ होता. तो त्याला पिवळा मासा दिसला.

मालतीबाई वाळवण पालटायला गच्चीवर आल्या. झाकण बाजूला, आणि उघड्या तोंडातून एक नळी श्वास घेत होती. त्या ओरडल्या नाहीत. त्यांनी वाळवणाजवळचे लाटणे छडीसारखे उचलले आणि पाण्यावर दोनदा आपटले.

“कोण आहे आत?”

काच लावलेले एक डोके वर आले.

“टेंभेकर? पिण्याच्या पाण्यात काय चालले आहे?”

सुधाकरचे आजोबा गिरणा नदीत उभे राहून एक विधी करीत. त्या संकटात त्याला पूर्वजच आठवले. (अशा माणसांना पूर्वज नेमके तेव्हाच आठवतात.)

“अघमर्षण,” तो म्हणाला.

मालतीबाईंच्या हातातले लाटणे खाली आले. पाण्यात बुडून तीन वेळा पापनाशक मंत्र म्हणण्याचा हा विधी त्यांच्या वडिलांनीही केला होता. “रामेश्वरासाठी?”

“सवय करतो आहे.”

“आणि ही नळी कशाला?”

“वय झाले. मंत्र पुरा होईपर्यंत श्वास पुरत नाही.”

“काच?”

“डोळ्यांत पाणी गेले की ध्यान मोडते.”

मालतीबाईंनी पदराच्या टोकाने स्वतःचे डोळे टिपले. “या कलियुगात!” त्या म्हणाल्या आणि वाळवण तसेच ठेवून खाली सांगायला गेल्या.

टाकी उपसली गेली. सोळा बिऱ्हाडांनी एक दिवस पाण्यावाचून काढला, पण सुधाकरला कोणी बोल लावला नाही. उलट जिन्यात लोक त्याला वाट देऊ लागले. सोसायटीच्या सेक्रेटरींनी मात्र फळ्यावर लिहिले: ‘धार्मिक कारणसर पण कोईए टांकीमां ऊतरवुं नहीं.’ म्हणजे, धार्मिक कारणानेसुद्धा कोणी टाकीत उतरू नये.

आठ दिवसांनी मालतीबाई पुन्हा आल्या. या वेळी त्यांच्यासोबत त्यांच्या विधवा नणंद भागीरथीबाई होत्या. गुडघे धरलेल्या, काठी टेकणाऱ्या.

“आम्ही ठरवले,” मालतीबाई म्हणाल्या. “रामेश्वर घडावे तर अशा माणसाच्या सोबतीने. माझा एक विद्यार्थी स्टेशनवर रिझर्वेशनला आहे. नवजीवन एक्सप्रेसची मद्रासपर्यंतची चार तिकिटे काढली. तुमचेही त्यातच आले.”

“पण नवस एकट्याने फेडायचा आहे,” सुधाकर म्हणाला.

“दर्शन एकट्याने घ्या. आम्ही मागे उभ्या राहू. आईंनी प्रवासाबद्दल काही खूण केली होती का?”

सुधाकरने अलकाकडे पाहिले. अलका डाळ निवडत होती.

“अट लाटांच्या आधीची होती की नंतरची?” तिने मान वर न करता विचारले.

“चार तिकिटे कोणाकोणाची?” सुधाकरने घाईने विचारले.

“आम्ही दोघी, तुम्ही आणि अलका,” मालतीबाई म्हणाल्या. “सून असताना सासूचा नवस तिच्यावाचून कसा फिटेल?”

सुधाकरने ताप आणून पाहिला. भागीरथीबाई म्हणाल्या, तीर्थाला निघालेल्याचा ताप तीर्थातच उतरतो. रजा नामंजूर झाल्याचे सांगून पाहिले, तर मालतीबाई साहेबांना भेटायला निघाल्या. शेवटी त्याने मित्रांशी मसलत करून बेत ठरवला. मुंबईची गाडी, जिने ठाकोरभाई आणि योगेंद्र लक्षद्वीपची बोट धरायला कोचीनकडे जाणार होते, नवजीवनच्या वीस मिनिटे आधी सुटत होती. बायकांना फलाटावर बसवायचे, ‘पाणी आणतो’ म्हणून निघायचे, पूल ओलांडायचा, आणि पलीकडच्या गाडीत चढायचे. तीन बायका, त्यांतल्या एकीच्या हातात काठी, दोन हजार किलोमीटर लांबच्या प्रवासात एकट्या सोडायच्या. हा बेत करताना त्याला झोप कशी लागली, असे तुम्ही विचाराल. चांगली लागली. चटईची आता सवय झाली होती.

माघातल्या त्या सकाळी सोसायटीतली निम्मी माणसे सुरत स्टेशनवर आली होती. हार घातले गेले. सेक्रेटरींनी नारळ दिला. दगा पाळी बुडवून कलाबाईला रिक्षाने घेऊन आला होता. दोघे सुधाकरच्या पाया पडली.

“भाऊ, गडू भुईवर ठेवू नका बरं,” कलाबाई म्हणाली. “मनी सासूनी काशीथीन लिंबायतलोंग मांडीवर आना व्हता.”

सुधाकर गडू हातात धरून उभा राहिला. दुसऱ्या हातात काच आणि नळीची पिशवी होती. पलीकडच्या फलाटावर मुंबईची गाडी लागली. डब्याच्या दारात ठाकोरभाई फुलाफुलांचा सदरा घालून उभे होते आणि टोपी हलवत होते. मागे योगेंद्र घड्याळाकडे बोट दाखवत होता.

“मी जरा पाणी घेऊन येतो,” सुधाकर म्हणाला.

“थांबा,” अलका म्हणाली. “पोथी बरोबर असू द्या. वाटेत वाचायला होईल.”

तिने लाल फडक्यातली पोथी त्याच्या काखेत दिली. फडके सैल होते. त्यातून निळे पाणी आणि पिवळे मासे डोकावत होते. चोपड्याच्या पानांत त्याचे कोचीनचे तिकीट नीट घडी घालून ठेवलेले होते.

सुधाकरने काख आवळली.

“तू पोथी उघडलीस?”

“दर गुरुवारी उघडते. एकवीस वर्षे झाली.”

“म्हणजे, तुला कधीपासून…”

“तुम्ही नवस सांगितला त्याच्या दुसऱ्याच दिवशी गुरुवार होता.”

“मग बोलली का नाहीस?”

“तुम्ही आईंच्या हाताने बोलत होता,” अलका म्हणाली. “त्यांना मध्येच कसे तोडायचे?”

मुंबईच्या गाडीने शिट्टी दिली.

“तुमची गाडी सुटते आहे,” ती म्हणाली. “जायचे तर गडू कलाबाईला परत द्या आणि का देता आहात ते तिला सांगून जा. तेवढे केलेत की मी अडवणार नाही.”

सुधाकरने कलाबाईकडे पाहिले. ती त्याच्याकडे पाहत नव्हती. तिची नजर त्या गडूवर होती, मूल पहिल्यांदा शाळेत सोडताना आई पाहते तशी. गडू भुईवर ठेवता येत नव्हता, आणि परत देण्यासाठी जे बोलायचे ते त्याच्या तोंडून निघेना. पलीकडची गाडी हलली. ठाकोरभाईंची टोपी दिसेनाशी झाली. मग नवजीवन आली, आणि तो तीत चढला. गडू त्याने मद्रासपर्यंत मांडीवर ठेवला.

रामेश्वरी पुजाऱ्याने गडूचा डाग काढला. चौदा वर्षांचे ते पाणी स्वच्छ होते. ते पिंडीवर पडले तेव्हा सुधाकरने डोळे मिटले, आणि समोर घड्याळ असते तरी त्याने पाहिले नसते. त्याबद्दल मी अधिक लिहिणार नाही.

मात्र तेथील बावीस तीर्थांबद्दल लिहिले पाहिजे. प्रत्येक विहिरीवर एकजण उभा राहून यात्रेकरूच्या डोक्यावर बादली ओततो. मालतीबाईंनी पहिल्याच विहिरीवर बजावले, “ये अघमर्षणवाले हैं. इनको डबल.” हा निरोप विहिरीगणिक पुढे गेला. सुधाकरच्या डोक्यावर चव्वेचाळीस बादल्या पडल्या. काच आणि नळी धर्मशाळेत राहिली होती.

परतल्यावर कलाबाई दारातच उभी होती.

“घाली?”

“घातली.”

चार महिन्यांत सुधाकरच्या तोंडून निघालेले हे पहिले वाक्य, ज्याला सावरायला दुसरे वाक्य लागले नाही.

यात्रेचे मावंदे झाले. सोसायटी जेवायला आली. काळेठिक्कर पडलेले ठाकोरभाई आले आणि नाकाचे सालटे निघालेला योगेंद्रही आला.

“साहेब, मासे खरोखरच अंगाजवळून जातात,” योगेंद्र कुजबुजला.

“हात लावलास?”

“लावू देत नाहीत.”

पाने वाढून झाली. अलकाने सुधाकरकडे पाहिले. तो उठला आणि सर्वांसमोर त्याने लाटा, पिंडी, बोट आणि टाकी, सारे क्रमाने सांगितले. मोरीच्या दारात कलाबाईने पदर तोंडाला लावला होता. ती हसत होती की रडत होती, हे विचारण्याचे धैर्य सुधाकरला झाले नाही.

मालतीबाईंनी पुरण बाजूला सारले. “म्हणजे आमच्या पिण्याच्या पाण्यात तुम्ही मासे शोधत होता.”

सेक्रेटरी हिशेबी मनुष्य होते. त्यांनी तेथेच, वरणभातावर, बैठक भरवून शिक्षा ठरवली, आणि ती आजतागायत चालू आहे. फळ्यावरची सूचना पुसली गेली नाही. तिच्याखाली फक्त एक ओळ वाढली: ‘टेंभेकरभाई सिवाय.’

दर सहा महिन्यांनी, रविवारी दुपारी, सारी इमारत जेवून आडवी झाली की सुधाकर ती काच डोळ्यांना लावून, नळी तोंडात धरून, ब्रश घेऊन श्रीनिकेतनच्या टाकीत उतरतो आणि तळाचा गाळ खरवडतो. खोली पाच फूट. मासे नाहीत. अलका वर झाकण धरून उभी असते. आतला आवाज थांबला की ती वाकून विचारते, “झाले का? खुणेने सांगा.”

सुधाकर पाण्यातून डावा हात वर करतो.